पांचाळ मिस्त्रींचा चुकलेला पॅटर्न

पांचाळ मिस्त्री कुठलीही वस्तू हातात आली की आधी उलटी करायचे. कप असो, स्टूल असो, कुणाची चप्पल असो. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बायकोनं पाट मांडला. बसायच्या आधी त्यांनी तो उचलला, पालथा केला, खालच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि मग सरळ करून बसले. बायको आत येऊन मला म्हणाली, "पाट खरकटा वाटला का काय त्यास्नी?" मी म्हटलं, "अगं, सुतार हाय त्यो. त्याला वरचं दिसतच न्हाई."

मिस्त्रींचं म्हणणं एकच असायचं. "वरून समदंच चांगलं दिसतंय बबनराव. वर पॉलिश असतंय. खाली माणसानं काय केलंय ते बघावं. तिथं कुणी बघणार न्हाई म्हणून माणूस खरा वागलेला असतोय."

माझ्या थोरल्याच्या लग्नात नवरानवरीसाठी दोन राजेशाही खुर्च्या भाड्यानं आणल्या होत्या. जोडी जेवायला उठली तेवढ्यात मिस्त्रींनी त्यातली एक आडवी पाडली. डोक्याला फेटा, फेट्यात खोचलेली पेन्सिल, गुडघ्यावर बसलेले आणि डोकं खुर्चीखाली. व्याही माझ्याजवळ आले. "पावण्यांचं काय हरवलंय का?" मिस्त्री उठले, धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "नुसती खिळ्यावर हाय. एकबी सांधा न्हाई. नवरदेवाला म्हणावं, हळू टेका." पोरगा बिचारा पुढचा सगळा वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होता. फोटोत आजही दिसतंय.

मिस्त्री मूळचे लातूरकडचे. कामाला म्हणून इकडं आले ते इकडचेच झाले, पण बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. रागावले तरी 'तुमी' सोडायचे नाहीत. 'तुमी गाढव आहात' असं आदरानं सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आणि माप कधी आकड्यात सांगायचे नाहीत. पोस्टकार्डाइतकी फट ठेवा. विडीच्या पानाइतकं घासा. हाताखालच्या माणसाला पहिले सहा महिने काही कळायचं नाही आणि नंतर आयुष्यभर दुसऱ्या कुणाचं कळायचं नाही.

आम्ही दोघं एका फाउंड्रीत होतो. भोसरीच्या अंगाला होती. आता ती कंपनी राहिलेली नाही, तेव्हा नावही नको. ते पॅटर्न शॉपला, मी मोल्डिंगला. हे काम ठाऊक नसलेल्याला थोडक्यात सांगतो. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी हुबेहूब तशीच लाकडाची वस्तू करावी लागते. तो पॅटर्न. मोल्डर तो वाळूत दाबतो, अलगद बाहेर काढतो, आणि जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओततात. लाकूड मिस्त्रींचं, वाळू माझी. पण रस निवताना आकसतो. म्हणून पॅटर्न वस्तूपेक्षा जरा मोठाच करावा लागतो. किती मोठा, हे पॅटर्न करणारा डोक्यात हिशेब करून काढत नाही. त्याच्याकडं त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरचा इंचच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा असतो. तवे ज्याचे असतात त्या बिडाची पट्टी वेगळी, स्टीलची वेगळी, कारण स्टील बिडाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. लांबून बघाल तर दोन्ही पट्ट्या सारख्याच. मिस्त्री दोन्ही एकाच खिशात ठेवायचे.

तर एका पंपाचं कवच आम्ही ओतायचो. गोगलगाईच्या पाठीसारखं वळत वळत गेलेलं. तेच कवच बिडातही लागायचं आणि स्टीलमध्येही. म्हणून दोन पॅटर्न. बिडाचा तांबड्या रंगाचा, स्टीलचा निळ्या. तांबडा जुना होता. निळा मिस्त्रींनी नवा केला. ते तेव्हा नवीन होते, कायम झाले नव्हते. हा निळा पॅटर्न म्हणजे त्यांची परीक्षाच होती म्हणा ना. पॅटर्न आला तेव्हा आम्ही मोल्डर लोक हात धुऊन त्याला हात लावायला गेलो. असा काढला होता. वाळूतून उठायचा तर एक कण सांडायचा नाही.

पहिलं कास्टिंग, म्हणजे ओतून निघालेलं कवच, मशीन शॉपला घासायला गेलं आणि परत आलं. दुसरं परत आलं. सगळीच परत आली. अंगानं कमी. घासायला मालच उरला नव्हता.

फोरमन साहेबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. "बबन, तू तांबडा पॅटर्न उचललास."

"निळाच उचलला साहेब."

"निळा उचलला तर स्टील कमी मापाचं कसं आलं? पॅटर्नवर नंबर असतो. वाचता येतो का तुला?"

"येतो."

"मग डोळे फुटले होते?"

माझी शाळा चौथीत सुटली. ते कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं हसली. मला आकडे येत होते, अक्षरंही येत होती, आणि मी निळाच उचलला होता.

दुपारी मी वाळूच्या ढिगाआड बसलो होतो. मिस्त्री आले. हातात दोन्ही पट्ट्या.

"बबनराव, तुमचं न्हाई चुकलं. माझं चुकलंय. निळ्याला म्या बिडाची पट्टी लावली. आत्ता ताडून बघितलं. सायबाकडं चाललो."

मी त्यांच्या ॲप्रनचं टोक धरलं. त्यांची बायको तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात होती आणि तिचं काही ठीक नव्हतं. कच्च्या माणसाची एवढी मोठी चूक म्हणजे त्याच दिवशी गेटच्या बाहेर. माझं तसं नव्हतं. मी कायम होतो, घरी रान होतं, दोन म्हशी होत्या. मी म्हटलं, "खाली बस मिस्त्री. माझ्यावर नाव आलंय, ते राहू दे. मला कोण काढतंय?"

"असं कसं? म्या चुकायचं आन् तुमी खायचं?"

"मी एकदा सांगितलं."

खरं सांगायचं तर मला त्यात मोठेपणा वाटला. आपण कुणाला काहीतरी देतोय, आणि तेही न मागता. तरुणपणी माणसाला असलं बरं वाटतं.

सुट्टीच्या दिवशी मिस्त्री एकटेच शॉपमध्ये बसले आणि दुसरा निळा पॅटर्न केला. बरोबर पट्टीनं. तोच नंबर लावून चुकलेल्याच्या जागी मांडणीवर ठेवला. साहेबांनी मोजला, माप चोख निघालं. म्हणजे चूक बबनचीच, हे पक्कं झालं. मला मोल्डिंगवरून काढून कास्टिंगच्या कडा घासायला घातलं. दीड वर्षं. त्याच्या जोडीला महिनाभर रोज सकाळी साहेब मला मांडणीपुढं उभं करायचे. "वाच बबन." मी एकेक नंबर मोठ्यानं वाचायचो. पलीकडं पॅटर्न शॉप. मी वाचायला लागलो की तिथला रंधा थांबायचा. माझं संपलं की परत सुरू व्हायचा.

मी एकदा विचारलं, "चुकलेल्या पॅटर्नचं काय केलंस?"

"जाळला," म्हणाले.

त्यावर आम्ही परत कधी बोललो नाही. मिस्त्री कायम झाले. त्यांची मुलगी वाढली. बायकोही जगली, पुष्कळ वर्षं जगली. मी मोल्डिंगला परत आलो. कॉम्प्युटरवर पॅटर्न करायचे दिवस आले तसं पॅटर्न शॉप बंद पडलं. जुने पॅटर्न एका हॉटेलवाल्याला भट्टीसाठी देऊन टाकले. सागवानाचे! मिस्त्री त्या टेम्पोच्या मागं उभे राहून आपल्या हातचे सापडतील तेवढे काढून घेत होते आणि सायकलवर बांधून घरी नेत होते. पंचवीस-तीस वाचवले असतील. संत तुकाराम नगरात त्यांच्या मुलीच्या घरात माळ्यावर ते पडून होते.

म्हातारपणी आमचं एकमेकांकडं जाणंयेणं वाढलं. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसायला लागलं होतं, पण वस्तू उलटी करायला डोळे लागत नाहीत.

आमच्या चिखलीत एक बंद पडलेली शेड कुणा ट्रस्टनं घेतली. त्या शेडखाली पूर्वी आमच्या भावकीचं ज्वारीचं रान होतं. त्यांनी रंग दिला, काचा लावल्या आणि तिथं डिझाइनचं म्युझियम काढलं. रोजच्या वापरातली वस्तू कुणीतरी विचार करून घडवलेली असते, ते लोकांना दाखवायचं, असा त्यांचा उद्देश. गावात मात्र सगळे त्याला खुर्च्यांचं दुकान म्हणायचे, कारण दारातून आधी खुर्च्याच दिसायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी मोठा हंगाम लावला. एप्रिलपासून जूनपर्यंत. एका दालनात खुर्च्या, एकात माठ, रांजण आणि पाण्याच्या बाटल्या, शनिवारी पोरांना कागदाचे दिवे करायला शिकवायचे, ऊन उतरलं की अंगणात कुणाचं तरी भाषण. माणहून, हिंजवडीहून कंपनीतली पोरंपोरी गाड्या काढून यायची. मी मिस्त्रींना म्हटलं, "चल, आत पंखे चांगले हायत."

मिस्त्री आत गेले आणि पाचव्या मिनिटाला त्यांनी एक खुर्ची आडवी पाडली. परदेशातली, दोरी बांधून ठेवलेली, हात लावू नये अशी पाटी असलेली.

वॉचमन पळत आला. "ओ बाबा! काय करताय? सोडा ती!"

"थांबा वो जरा. बघालो की."

"खाली काय बघताय, वरून बघा ना!"

"वरून तुमी बघा."

आवाज ऐकून एक मुलगी आली. चष्मा, खादीचा कुडता, गळ्यात ओळखपत्र. मला वाटलं आता बाहेर काढतात. ती म्हणाली, "काका, काय दिसतंय?"

"या की. हिकडं या. ही फट बघा. पोस्टकार्ड जाईल एवढी हाय. ही चुकून न्हाई राहिली. लाकूड फुगतंय म्हणून त्यानं जागा सोडलीया. शाणा माणूस व्हता."

ती मुलगी सरळ फरशीवर झोपली आणि खुर्चीखाली डोकं घातलं. दोघं तिथं अर्धा तास होते. ही ऋजुता मॅडम. सगळा उन्हाळी हंगाम तिच्याकडं होता. बाहेर येताना तिनं विचारलं, "काका, तुम्ही काय काम करायचात?" मिस्त्री म्हणाले, "लाकडाचं लोखंड करायचो."

चार दिवसांनी ती त्यांच्या घरी गेली. मे महिन्यात तिला 'यंत्रामागचे हात' असं एक प्रदर्शन मांडायचं होतं. मिस्त्रींनी मलाही बोलावून घेतलं होतं. माळ्यावरून एकेक पॅटर्न खाली आले. मॅडम प्रत्येक वस्तू आधी उलटी करून बघत होती, मिस्त्री खुशीत. मग तिचा हात एका गाठोड्यावर पडला. जुन्या चादरीत बांधलेलं. मिस्त्री म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या," पण तोवर गाठ सुटली होती.

निळा पॅटर्न.

मी बघताच ओळखला. माणूस आपल्या पोराला ओळखतो तसा. मॅडमनं तो पालथा केला, सगळीकडून हात फिरवला. मग म्हणाली, "काका, हा मध्यभागी ठेवायचा. सगळं दालन याच्याभोवती लावू."

मिस्त्री खाली बसले. चादर गोळा करत म्हणाले, "हा चुकलेला हाय. मांडायचा तर त्याच्याखाली तसं लिहायचं. काय चुकलं, कुणाचं चुकलं, कुणी भोगलं, समदं."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. मी उठून बाहेर गेलो.

ती गेल्यावर मी आत आलो. "तू तर जाळला व्हतास."

"खोटं सांगितलं तुमाला. तीनदा चुलीपुढं घेऊन बसलो. पर त्याच्यात माप चुकलंय, काम न्हाई चुकलं. हात धजला न्हाई."

"मग ठेव की बांधून. लिहायचं कशाला? फोरमन गेला, कंपनी गेली. कोण इचारतंय?"

"बबनराव, पट्टी चुकली ती चूक. ती कुणाचीबी व्हती. पर दुसरा पॅटर्न करून गुपचूप ठेवला, ती चोरी. म्या तुमच्या नावाची चोरी केली. तुमी सकाळी उभं राहून आकडे वाचायचाव आन् म्या पलीकडं रंधा धरून उभा."

"मी दिलं व्हतं ते. दिलेलं मी परत घेत न्हाई. आमच्यात तशी रीत न्हाई."

"तुमी द्यायला तयार व्हता, पर घेतलं म्याच की."

माझा पारा चढला. माझ्या पोरांना मी कधी सांगितलं नव्हतं. बायको गेली, तिलाही नाही. घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक की बाबांनी एकदा नंबर वाचण्यात घोळ केला होता. आता म्हातारपणी गावच्या लोकांनी पाटी वाचून मला विचारायचं, का हो, एवढी वर्षं गप्प का होता? मी म्हटलं, "माझं नाव कुठं लिहायचं न्हाई. सांगून ठेवतो."

"बरं," मिस्त्री म्हणाले. "तुमी व्हय म्हटल्याबिगर लिहिणार न्हाई. आन् लिहिल्याबिगर मांडणार न्हाई."

मॅडम तीनदा माझ्याकडं आली. बिचारीची अडचण होती. तिच्या वरच्या साहेबांना निळा पॅटर्न फार आवडला होता, पण चुकलेला वगैरे लिहायला ते तयार नव्हते. ती मिस्त्रींना म्हणाली, "काका, तुमच्या नावाचं हे पहिलंच प्रदर्शन आहे. लोक काय चूक बघायला येणार आहेत का?" मिस्त्री म्हणाले, "मग काय बघायला येणार हायत? देखणं? देखणा तर मोरबी असतोय. त्याला म्युझियम लागत न्हाई." मॅडमनं ते साहेबांना जसंच्या तसं सांगितलं आणि साहेब तयार झाले. राहिलो मी एकटा.

मी काही हललो नाही. मिस्त्रींना भेटायलाही गेलो नाही.

प्रदर्शन उघडलं. मला नातीनं मोबाइलवर फोटो दाखवला. सगळे पॅटर्न हारीनं मांडलेले, प्रत्येकाखाली 'कारागीर : गणपत पांचाळ'. आणि मधोमध गोल चौथरा, त्यावर उजेड सोडलेला आणि वर काहीच नाही. मॅडमनं दुसरं काही ठेवलं नव्हतं. मिस्त्रींनी ठेवू दिलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी अंगणात मिस्त्रींचा कार्यक्रम होता. जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्यांना भाषणाची सवय नाही, चार लोकांत गडबडले तर, म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसलो.

ते गडबडले नाहीत. एक पॅटर्न मांडीवर घेतला आणि शॉपमध्ये बोलायचे तसेच बोलायला लागले. लाकूड कसं निवडायचं, कोपऱ्यात मेण कसं भरायचं, पॅटर्नला उतार का द्यायचा. दोन्ही पट्ट्या लोकांत फिरवल्या. "धरा हातात. फरक दिसतोय का? न्हाई ना दिसत? मलाबी एकदा न्हाई दिसला," म्हणाले आणि थांबले.

मग प्रश्न. एका बाईनं विचारलं, "मधला चौथरा रिकामा का ठेवलाय? त्याचाही काही अर्थ आहे का?"

मिस्त्री म्हणाले, "तिथली वस्तू एका माणसाच्या परवानगीबिगर मांडता येत न्हाई."

"कोण माणूस?"

"एक मोल्डर व्हता."

आता बघा, मी गप्प बसायचं ठरवून आलो होतो. पण ते 'व्हता' मला सहन झालं नाही. मी जागेवरूनच म्हटलं, "व्हता काय? हाय! हितं बसलाय!"

सगळी डोकी मागं वळली. मिस्त्रींना तेवढ्या लांबचं दिसत नव्हतं, पण आवाज त्यांनी ओळखला. ते उभे राहिले. मांडीवरचा पॅटर्न मॅडमनं कसाबसा झेलला.

"आलाव व्हय बबनराव?"

"आलोय."

"मग सांगू का?"

एवढी माणसं माझ्याकडं बघत होती. गावातली चार तोंडं ओळखीची. माझा धाकटाही मागं उभा होता, तो कधी आला मला कळलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. मग म्हटलं, "सांग. पण नीट सांग. मी निळाच उचलला व्हता, हे पयलं सांग."

मिस्त्रींनी तेच पहिलं सांगितलं. "ह्या माणसानं निळाच उचलला व्हता." मग सगळं. दवाखान्यातली बायको मात्र वगळली. मी मधेच ओरडलो, "बायको दवाखान्यात व्हती ते सांग की!" तर म्हणाले, "त्यानं माप बदलत न्हाई." पण सकाळचं माझं वाचणं सांगितलं. रंधा थांबायचा तेही सांगितलं. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत ते बरं झालं.

शेवटी माणच्या कंपनीतला एक पोरगा उठला. म्हणाला, "काका, आता अशी चूक होत नाही. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये किती टक्के आकसतं तो आकडा टाकतो, बाकी आपोआप होतं."

"आकडा कोण टाकतंय?"

"मी टाकतो."

"मग व्हईल तुमच्याकडूनबी," मिस्त्री म्हणाले. "झाली की सांगून टाका."

जाताना धाकटा माझ्याबरोबर चालत आला. घराच्या वळणावर म्हणाला, "बाबा, आम्हाला तरी सांगायचं होतं." मी म्हटलं, "सांगितलं की आज."

दुसऱ्या दिवशी निळा पॅटर्न चौथऱ्यावर चढला. खालची पाटी मिस्त्रींनी सांगितली तशीच मॅडमनं लिहिली. 'स्टीलच्या पंपाच्या कवचाचा पॅटर्न. करणारा गणपत पांचाळ. बिडाची पट्टी लावल्यामुळे माप चुकले. करणाऱ्याने ते लपवले. दोष मोल्डर बबन याने घेतला. त्याने निळाच उचलला होता.' लोक मागचे देखणे पॅटर्न सोडून तिथंच जास्त थांबायला लागले. फाउंड्रीतली जुनी माणसं येऊ लागली, चाकणहून, भोसरीहून. पाटी वाचायची आणि हळू आवाजात आपापली एखादी चूक मिस्त्रींना सांगायची. हंगाम संपेपर्यंत मिस्त्री रोज तिथं खुर्ची टाकून बसायचे, ते ऐकायला.

त्या पावसाळ्याच्या अखेरीला मिस्त्री गेले. पावसाळाभर मी थोरल्याकडं परगावी होतो, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यामुळं माझं त्यांना शेवटचं बघणं ते म्युझियममधलंच.

हंगामाचा शेवटचा रविवार होता. चारच्या सुमाराला मी गेलो. दालनात ही गर्दी. मिस्त्री चौथऱ्याजवळच्या खुर्चीत होते. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, दोन्ही हात मांडीवर तळवे वर करून पडलेले. गाढ झोपले होते. एवढ्या कलकलाटात. मी शेजारच्या बाकावर टेकलो.

एक जोडपं आलं. बाईनं पाटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग परत वाचली. माझ्याकडं वळून म्हणाली, "हेच का हो ते पांचाळ?"

"व्हय."

"आणि तो मोल्डर? तोही येतो म्हणे इथं. भेटेल का आज?"

तिचा आवाज जरा चढला होता. मिस्त्रींची बोटं हलली.

"भेटंल," मी म्हटलं. "पर बाई, हळू बोला. त्यास्नी आत्ताच डोळा लागलाय."